रामकुंडावरचा विनोद आणि लक्ष्मीबाईंचं पुस्तक

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात घरातल्या एका गोष्टीने करतो. तिच्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही.

माझे बाबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर होतो. पिंड ठेवला होता आणि कावळा काही केल्या शिवत नव्हता. नाशिकमध्ये वाढलेल्यांना ही वेळ माहीत असते. सगळे हात जोडून उभे असतात. कोणी तरी पुढे होऊन म्हणतं, काळजी करू नका, पोराचं सगळं नीट करू. मग दुसरा काही तरी कबूल करतो. कावळा समोरच्या भिंतीवर बसून बघत असतो. अर्धा तास गेला. काकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि माझी आई, जी दहा दिवस एक शब्द धड बोलली नव्हती, ती म्हणाली, "थांबा हो. बुधवारच्या बाजारात यांनी कधी पहिल्या भावात काही घेतलंय का? दोन फेऱ्या मारल्याशिवाय यायचे नाहीत."

मी हसलो. माझी बहीण हसली आणि हसता हसता मोठ्याने रडायला लागली. आत्याने तोंडाला पदर लावला, ती हसत होती की रडत होती ते आजपर्यंत कळलेलं नाही. आणि काका, बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, तिथून उठून गेला. पुढचे कित्येक महिने तो आईशी बोलला नाही. त्याचं म्हणणं एकच होतं, "माझा भाऊ गेलाय आणि वहिनीला विनोद सुचतात?"

एकच वाक्य होतं. ऐकणारे सगळे एकाच माणसाचे नातेवाईक. आणि तरी प्रत्येकाला ते वेगळं ऐकू आलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा प्रश्न आहे. आपल्याच घरातल्या दुःखाची गोष्ट हसत सांगणाऱ्या माणसाचं काय करायचं? त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? हा प्रश्न घेऊन मी एका पुस्तकाकडे गेलो. ते नाशिकचंच आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याचं नाव ऐकलं असेल, कदाचित शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा वाचला असेल. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

आधी बाईंची ओळख. गंगापूर रोडने शहराबाहेर पडलं की गोदावरीच्या काठावर जलालपूर लागतं. तिथे १८६८ साली गोखल्यांच्या घरात एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरात मनू. १८८० साली, म्हणजे आजच्या सहावी-सातवीतल्या मुलीच्या वयात, तिचं लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई टिळक झाली. नवरा नारायण वामन टिळक. लोकमान्य वेगळे, हे वेगळे. हे कवी टिळक. विद्वान माणूस, संस्कृत उत्तम, वक्तृत्व उत्तम, स्वभाव मात्र असा की उद्या सकाळी ते कुठे असतील हे आज रात्री कोणी सांगू शकणार नाही. न सांगता घरातून निघून जायचे. पैसा हातात टिकायचा नाही, समोर कोणी गरजू दिसला की गेला. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. लिहायला-वाचायला त्यांना टिळकांनीच शिकवलं.

आता नुकसानांची यादी बघा. दत्तूच्या आधी झालेली मुलं जगली नाहीत. दत्तू, म्हणजे देवदत्त, १८९१ सालचा. तो तीन-चार वर्षांचा असताना, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले.

आज आपण हे वाक्य सहज वाचतो. १८९५ साली एका ब्राह्मण बाईसाठी त्याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरात जाता येत नाही. त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. विधवा नाही आणि सवाष्ण म्हणावं तर तसंही नाही. समोर दोनच रस्ते, नवऱ्याकडे गेलं तर माहेर आणि जात सुटते, नाही गेलं तर नवरा सुटतो. पोराला घेऊन लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, त्यातला मोठा काळ पंढरपूरला, नातेवाइकांच्या आधाराने. मग त्या अहमदनगरला टिळकांकडे गेल्या. तिथेही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, आधी आपलं सोवळं सांभाळून वेगळी चूल मांडली. जातपात हळूहळू, स्वतः विचार करून सोडली, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

पुढे घर माणसांनी भरलं. बालकवी ठोमरे त्यांच्याकडे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनपाशी बालकवी रेल्वेखाली गेले. त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले.

ही यादी तुम्ही ऐकलीत. आता मला सांगा, या बाईचं आत्मचरित्र कसं असेल असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं होतं, रुमाल घेऊन बसावं लागेल.

मी पुस्तक आणलं सार्वजनिक वाचनालयातून. आपलं 'सावाना', १८४० पासून चालू असलेलं. रात्री उघडलं आणि पहिल्या काही पानांतच मोठ्याने हसलो. आणि लगेच गप्प झालो, कारण मी कशावर हसतोय ते लक्षात आलं.

पुस्तक सुरू होतं एका फाशीपासून. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. या घटनेनंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड जडलं. वेड म्हणजे खरंखुरं वेड. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, अगदी मीठ-साखरसुद्धा. आता मीठ धुतल्यावर काय उरतं ते तुम्हीच सांगा. लक्ष्मीबाई हे सगळं असं सांगतात की त्या घरातलं ओलं, गारठलेलं बालपण डोळ्यांसमोर येतं आणि तरी हसू आवरत नाही. हसू येतं त्या मिठाचं. मिठाच्या मागे आहे फाशीचा दोर. त्या दोराकडे बोट दाखवून थांबत नाहीत. एकदा सांगून पुढे गेल्या. बाकी तुमचं तुम्ही बघा.

संपूर्ण पुस्तक असंच आहे. टिळकांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी, नवराबायकोची भांडणं, घरात दाणा नसतानाचे दिवस. आणि सगळ्यात जास्त त्या हसतात स्वतःला. स्वतःच्या अडाणीपणाला, हट्टाला, टिळकांकडे राहायला गेल्यावर सांभाळलेल्या सोवळ्याला. जे वडिलांचं वेड म्हणून सांगितलं, तेच आपल्यातही कसं होतं हे त्या लपवत नाहीत. १८९५ च्या भागात मात्र हसू मागे सरतं. तिथे त्या आपली दैना सरळ सांगतात. थोडी पानं गेली की पुन्हा कुठे तरी मिश्कील वाक्य डोकावतं, जसं आजारी माणसाने पहिल्यांदा उठून बसावं आणि चहा मागावा.

हे लिहिलं कधी? म्हातारपणी. देवदत्त टिळक वडिलांच्या आठवणी जमवत होते, त्यातून आईचं लिखाण पुढे आलं. ते 'संजीवनी'मध्ये क्रमशः येत गेलं आणि मग पुस्तकाचे चार भाग झाले. पहिला १९३४ साली, शेवटचा १९३६ साली. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला लक्ष्मीबाई नाशिकमध्येच वारल्या.

आता त्या काळाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना करू. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं होतं. मोठं पुस्तक आहे, पण त्यात पतीकडे बघायची नजर भक्तीची आहे. मोठ्या माणसाच्या बायकोने लिहायचं तर असं, हा एक घालून दिलेला रस्ता होता. लक्ष्मीबाईंचा नवराही मोठाच होता, लोक त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून मानत होते, त्यांची ख्रिस्ती भजनं चर्चमध्ये गात होते. आणि त्यांची बायको सांगतेय की हा थोर माणूस घरात कसा होता. प्रेम पानापानावर आहे, पण आरती नाही.

म्हणूनच या पुस्तकाचे वाचक कधी एका बाजूला बसत नाहीत. मला भेटलेल्या वाचकांचंच सांगतो.

माझी आत्या, वय सत्तर. तिने हे पुस्तक तीनदा वाचलंय. तिचं म्हणणं, "काय सोसलं रे त्या बाईने, आणि सगळं हसण्यावारी नेलं. आताच्या मुलींना जमेल का?" म्हणजे आत्याच्या लेखी लक्ष्मीबाई या सोशिकपणाचा आदर्श.

माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण. तिला मी पुस्तक आग्रहाने दिलं. तिने अर्ध्यात परत केलं. म्हणाली, "हा माणूस बायकोला न विचारता तिचं आख्खं आयुष्य बदलतो आणि ती त्याच्या गमती सांगते? मला हसू नाही आलं, मला राग आला. तिला का येत नाही?" तिच्या लेखी ते हसू म्हणजे झाकण. खाली उकळतंय, आणि वर झाकण ठेवून बाई म्हणतेय सगळं ठीक आहे.

तिसरा माझा शाळेतला मित्र, शरणपूरकडचा, ख्रिस्ती घरातला. त्याच्या आजीच्या कपाटात हे पुस्तक बायबलशेजारी असायचं. आजी ते श्रद्धेचं पुस्तक म्हणून वाचायची. एका बाईला देव कसा सापडला त्याची गोष्ट. मित्र सांगतो, आजी विनोदी भाग वाचून दाखवायची नाही, ते ती एकटी वाचायची. का, ते त्याने कधी विचारलं नाही.

आणि चौथा वाचक माझ्या ओळखीचे एक काका. त्यांना धर्मांतराचा भाग सहन होत नाही. ते म्हणतात, भाषा सुंदर, बाई थोर, पण ते प्रकरण मी गाळून वाचतो. आता गंमत बघा, ज्या घटनेभोवती आख्खं पुस्तक उभं आहे तेवढीच गाळायची! पण ते वाचतात. सोडत नाहीत.

हे फक्त माझ्या गोतावळ्यापुरतं आहे असं समजू नका. या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरांची नावं बघा. १९५० साली जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेलं भाषांतर ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलं. नाव होतं 'आय फॉलो आफ्टर'. म्हणजे मी मागून चालते. २०१७ साली शांता गोखले यांचं भाषांतर आलं, त्याचं उपशीर्षक 'द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ'. म्हणजे एका तडफदार बायकोच्या आठवणी. बाई तीच, नवरा तोच, पुस्तक तेच. एका कव्हरवर ती मागून चालतेय, दुसऱ्यावर ताठ उभी आहे. मधल्या सदुसष्ट वर्षांत लक्ष्मीबाईंनी एक ओळही बदललेली नाही. आपण बदललो. मधे विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी यावर चित्रपट केला, सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या, आणि ज्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं त्यांच्या घरातही ही बाई पोचली.

मराठीत हे पुन्हाही झालंय. १९९० साली सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं. पु. ल. म्हणजे महाराष्ट्राचं लाडकं दैवत, आणि त्यांच्याच घरातून असं रोखठोक लिखाण. वाचकांत सरळ दोन तट पडले. कोणी म्हटलं किती प्रामाणिक, कोणी म्हटलं हे लिहायची काय गरज होती. सुनीताबाईंचा सूर वेगळा, लक्ष्मीबाईंचा वेगळा. पण वाचकांची अस्वस्थता ओळखीची आहे. घरातलं बाहेर सांगायचंच असेल तर ठरलेल्या सुरात सांगा, ही आपली अपेक्षा असते.

आणि हे मराठीपुरतंही नाही. अमेरिकेत डेव्ह एगर्स नावाचा तरुण होता. विशी ओलांडली न ओलांडली तोच त्याचे आईवडील दोघेही कॅन्सरने गेले, जेमतेम पाच आठवड्यांच्या अंतराने. आठ वर्षांचा धाकटा भाऊ त्याच्या पदरात पडला. २००० साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं, मराठीत सांगायचं तर, 'थक्क करणाऱ्या प्रतिभेची काळीज चिरणारी कृती'. स्वतःच्याच पुस्तकाला! सुरुवातीला वाचकांसाठी सूचना, कुठला भाग गाळला तरी चालेल वगैरे. वाचक तिथेही दुभंगले. काहींना वाटलं, दुःख सांगायची ही खरी आजची पद्धत. काहींना वाटलं, हा पोरगा आईबापाच्या मरणावर चलाखी करतोय.

मी एगर्सचं वाचलं तेव्हा मला नाशिकची नऊवारीतली म्हातारी आठवली. दोघांत साम्य फार नाही. तो सतत सांगतो की बघा, मी लिहितोय, मला कळतंय की मी लिहितोय. लक्ष्मीबाईंना असलं काही सांगावं लागत नाही. त्या ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तसं बोलतात. पण एक गोष्ट दोघांनाही पक्की ठाऊक आहे. रडून सांगितलं की ऐकणारा लगेच तुमची कीव करायला लागतो, आणि कीव आली की तुमची गोष्ट त्याच्या ताब्यात जाते. मग तुम्ही कोण ते तो ठरवतो, बिच्चारी, अभागी, टाकलेली. लक्ष्मीबाईंना आयुष्यभर लोकांनी असंच बघितलं असणार. नवऱ्याने सोडलेली, मग बाटलेली. पुस्तकात त्यांनी ती संधीच दिली नाही. तुम्ही कीव करायला पुढे सरकता आणि तेवढ्यात त्या तुम्हाला हसवतात. पुढे टाकलेलं पाऊल तुम्हाला मागे घ्यावं लागतं.

आणि माझ्या मैत्रिणीचा प्रश्न, राग का येत नाही? मला वाटतं तो पुस्तकात आहे. टिळक घरात काय करायचे हे लक्ष्मीबाईंनी नावानिशी, प्रसंगासकट छापलं, तेही त्यांना मानणाऱ्या लोकांसमोर. एवढं ढळढळीत तर चिडलेल्या माणसालाही लिहिता येत नाही. फक्त निकाल त्यांनी दिला नाही. नवरा दोषी की थोर, हे त्या ठरवून देत नाहीत, कारण त्यांच्यासाठी तो दोन्ही होता, आणि शिवाय तो त्यांचा होता. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते पुढे कोणी नेलं? याच बाईंनी, चौसष्ट अध्याय लिहून. ज्यांच्या संसारात नवऱ्यामुळे एवढी उलथापालथ झाली, त्यांनी त्याचं अर्धवट काम उचललं. याला सोशिकपणा म्हणा, प्रेम म्हणा, हट्ट म्हणा. मला तर वाटतं, टिळकांशी चाललेला वाद त्यांना मधेच सोडायचा नव्हता.

मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "पटत नाही, पण पुस्तक परत दे." हेही मला बरं वाटलं.

आता घरचं राहिलं. गेल्या वर्षी मी आईला 'स्मृतिचित्रे' दिलं. तिने शाळेत त्यातला धडा वाचला होता, एवढंच. दुपारच्या वेळी वाचत बसायची. मधेच स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायचा, मधेच बराच वेळ काही आवाज नसायचा. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "तिला कोणी तरी विचारायला हवं होतं, बाई गं, हसतेस कशी. म्हणजे तिने सांगितलं असतं."

मग मी विचारलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. "आई, रामकुंडावर तू तसं का बोललीस?"

तिने गॅस बारीक केला. म्हणाली, "सगळे त्यांना काही ना काही कबूल करत होते. पोरांचं बघू, अमुक करू, तमुक करू. जसं काही ते कुणी परके आहेत, रुसलेत. मला वाटलं, कोणी तरी त्यांच्याशी नेहमीसारखं बोलायला पाहिजे. नाही तर मीच खाली बसले असते रे, आणि मग मला कोणी उठवलं असतं?"

काकाचं मत अजून बदललेलं नाही. तो आता घरी येतो, चहा घेतो, आईशी बोलतो. पण तो विषय निघाला की म्हणतो, "वहिनी, ते बोलायला नको होतं." आई म्हणते, "नको होतं खरं." आणि दोघं गप्प बसतात. मला आधी वाटायचं की यातलं कोणी तरी एक बरोबर असलं पाहिजे. आता वाटत नाही. काकाचा भाऊ गेला, आईचा नवरा गेला. माणूस एकच असला तरी दोघांचं नुकसान सारखं नव्हतं. मग दोघांनी ते एकाच सुरात कसं सांगावं?

आणि हो, कावळा शेवटी शिवला. आई बोलल्यानंतर किती वेळाने, यावरही आमच्या घरात दोन मतं आहेत.

तुमच्या घरातही असं कोणी असेल. दुःखाच्या वेळी भलतंच काही तरी बोलून गेलेलं, आणि त्यावरून अजून ऐकून घेणारं. आज त्यांना फोन करा. का बोललात विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. आणि 'स्मृतिचित्रे' मिळालं तर वाचा, अर्ध्यात राग आला तरी वाचा. भेटू पुढच्या भागात.